कारैकुडीहून आणलेला मूळपुरुष

दुकानाला साठ वर्षं झाली तेव्हा अप्पांनी मूळपुरुष विकत आणला. कारैकुडीला जुन्या वस्तूंच्या दुकानांत असे फ्रेममधले पूर्वज पुष्कळ मिळतात. आमचा मिशीवाला निघाला. पगडी नव्हती, ती अप्पांनी रंगवून घेतली. तंजावूरचं मराठी घराणं म्हटल्यावर पगडी हवीच.

कापडदुकान खरं काढलं आजीनं, कृष्णवेणीनं. नवरा गेल्यावर राजवीथीवर परक्याच्या ओट्यावर बसून ती ब्लाउजचं कापड विकायची. कात्री नव्हती, दातानं फाडायची. विशालाक्षी आत्याचं एकच मागणं होतं: सोहळ्याला भिंतीवर आईचा फोटो लागावा. अप्पा म्हणाले, ओट्यावरच्या बाईकडून रेशमी पट्टुसाडी कोण घेईल? गिऱ्हाइकाला घराणं लागतं. आत्या फोटो पिशवीत घालून सोहळ्याला आली.

पाटीवर अप्पांच्या नावानं 'अमरसिंह अँड सन्स' आहे. ते सन्स म्हणजे मी, रम्या, एकुलती मुलगी.

सोहळ्याच्या सकाळी एक कुटुंब लग्नाच्या साड्या घ्यायला आलं. त्यातली नवरी, जननी, भिंतीपाशी थबकली. हे आमचे आजोबा, म्हणाली, आणि हे पगडी कधीपासून घालायला लागले? मोबाइलवर तिनं तोच फोटो दाखवला, बोडका. वाटणीत त्यांच्या घरचं सामान विकलं, त्यात आजोबाही गेले होते. मंडळींनी त्यांना हारासकट उतरवलं, पाया पडले आणि गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. साड्या राहिल्याच.

भिंतीवर खिळा उरला. प्रमुख पाहुणे कोपऱ्यावर आले होते.

"अक्का, आईचा फोटो दे," अप्पा म्हणाले. "आजच्यापुरता."

"तुझी भिंत उघडी पडली अमर, ती झाकायला माझी आई नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. तिनं दात झिजवले आणि तू मिशी विकत आणलीस."

अप्पांनी साडी लावून बघायचा आरसा खिळ्याला टांगला. प्रमुख पाहुणे त्याच्यासमोर उभे राहिले, केस सारखे केले आणि संस्थापकांना हात जोडले. टाळ्या पडल्या. अप्पांनीही वाजवल्या.

एरवी मी हसून लोळले असते. हातातली फुलांची परात मी गल्ल्यावर उपडी केली आणि आत्याच्या मागोमाग बाहेर पडले.

पापनाशमला, आत्याच्या घरी जाणाऱ्या बसमध्ये फोटो तिच्या मांडीवर होता. अप्पांचे फोनवर फोन.

"उचल," आत्या म्हणाली. "मालकीण घरी गेली म्हणून सांग."

मी सांगितलं.

"कोण मालकीण?" अप्पांनी विचारलं.

मी फोन बंद केला.