पंचेचाळीसच्या वाटीत चव्वेचाळीसची गोळी

माझी मुलगी कॉरीन बारा वर्षांची असताना मी तिला ठासणीची बंदूक शिकवली. दारू मापून ओतायची, तेलात भिजवलेल्या कापडाच्या तुकड्यात शिशाची गोल गोळी धरायची, गजाने तळापर्यंत ठासायची. आमच्या घरची बंदूक चोपन्नची, म्हणजे नळीचं तोंड अर्ध्या इंचाहून थोडं मोठं. तिचा खांद्याला बसणारा दणका मोठा, वजनही मोठं. पण वीस हिवाळे आम्ही बापलेक तीच घेऊन शिकारीला हिंडलो.

कॉरीन गुरांची डॉक्टर आहे. गेल्या वसंतात एका गाभण गाईने तिला गोठ्याच्या कठड्यावर दाबलं आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण चोपन्नचा दणका आता झेपणार नाही हे मलाही दिसत होतं. नवी हलकी बंदूक घ्यावी लागणार, तेव्हा ती मला विचारेल, असं मी धरून चाललो होतो. आपण दोघं दुकानात जाऊ, नळीतल्या आट्यांचा पीळ बघू, जेवायला वाटेत थांबू, एवढं सगळं मी मनात ठरवलंही होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती जेवायला आली ती तिच्या सासऱ्याबरोबर. ड्वेन हेवरकँप, माझा व्याही. माणूस उंच, गोड बोलणारा, कंबरेतून जरा लंगडणारा. जावई शहरात कामाला गेला होता. ड्वेनच्या हातात लांबट खोका होता.

"पन्नासची घेतली, बाबा," कॉरीन म्हणाली. "पॉप म्हणाले पंचेचाळीसची फार बारीक पडेल, आणि चोपन्न तर मला नकोच. पन्नासच्या नळीला गोळ्यांची निवडही जास्त."

सल्ला बरोबर होता. मीही तोच दिला असता. पण माझ्या कानात अडकला तो एकच शब्द, पॉप, म्हणजे बाबाच. लग्नाला चार वर्षं झाली, आजवर ती त्याला ड्वेनच म्हणायची.

जेवणानंतर ड्वेनने टेबलावर सामान मांडलं. या नव्या बंदुकांत गोळी नळीपेक्षा बारीक असते. ती प्लॅस्टिकच्या पाकळ्या असलेल्या वाटीत बसवून ठासतात. त्या वाटीला सॅबो म्हणतात. बार उडाला की वाटी गळून पडते आणि गोळी पुढे जाते. ड्वेनकडे जुन्या रिव्हॉल्वरच्या चव्वेचाळीसच्या गोळ्यांचा डबा पडला होता. तो त्याने सुनेला देऊन टाकला आणि दुकानातून सॅबोची पिशवी आणली.

ते दोघं भांडी विसळायला गेले तेव्हा मी एक गोळी सॅबोत घातली आणि उलटी धरली. गोळी घरंगळून माझ्या तळहातावर पडली. पिशवीवरचा आकडा वाचला. सॅबो पंचेचाळीसच्या गोळीचे होते. एवढ्याशा फरकाने गोळी सैल बसते आणि कुठेही जाते. त्याहून वाईट म्हणजे नळी खाली झुकवून चालताना गोळी दारूवरून पुढे सरकली, तर बार उडताना नळी फुगू शकते, फाटूही शकते.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी गोळी डब्यात परत ठेवली आणि कॉफी ओतून घेतली.

मनाची समजूत काढली की निशाणाच्या सरावात सगळं उघडं पडेलच. खरं सांगायचं तर ते ड्वेनच्या माळावर, ड्वेनच्या देखत उघडं पडायला हवं होतं मला. मग ती माझ्याकडे वळून विचारेल, बाबा, काय चुकतंय?

सरावाच्या दिवशी मी कुंपणाला टेकून उभा राहिलो. शंभर पावलांवरच्या पुठ्ठ्यावर तिची एक गोळी वर, एक पार डावीकडे, तिसरी पुठ्ठ्यालाच लागली नाही. ड्वेन म्हणाला, नळी साफ करू. मग म्हणाला, थंडीने प्लॅस्टिक कडक होत असेल. मग दारू कमी करून पाहिली. दर वेळी त्याचा चेहरा थोडा पडत होता आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. पण कॉरीन माझ्याकडे वळली नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, पॉप. मी चाळीस पावलांच्या आतच बार टाकीन. तिथे तर लागतंय."

त्या रात्री माझी बायको लॉरेन म्हणाली, "पोटात दुखत असेल तर ओवा खा. तोंड पाडून बसू नकोस." बायकांना कळतं.

जानेवारीत, हंगाम संपायला दोन दिवस उरले असताना आम्ही तिघं नदीकाठच्या टेकडीवर गेलो. गुडघाभर बर्फ होता. दहाच्या सुमाराला ओकच्या झाडीतून एक हरणी निघाली, चाळीस पावलांवर, आडवी. कॉरीनने वेळ घेऊन बार टाकला. धूर विरला तेव्हा हरणी मागचा पाय ओढत ओढ्याकडे उतरत होती.

दोन तास आम्ही रक्ताच्या मागावर चाललो. ड्वेन कंबर धरून मागून येत होता, थांब म्हटलं तरी थांबेना. शेवटी हरणी दिसली, पडलेल्या झाडाआड बसलेली, मान ताठ, डोळे आमच्यावर. बंदूक पुन्हा ठासायला कॉरीनने खिशातून गोळी काढली.

"ती भरू नकोस," मी म्हणालो.

"का?"

"सॅबो पंचेचाळीसचा आहे. गोळी चव्वेचाळीसची."

तिने गोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. आपल्या जेवणाच्या टेबलावर."

तेवढ्यात ड्वेन धापा टाकत येऊन पोचला. त्याने ऐकलं होतं. माझ्या हातातली भरलेली चोपन्नची कॉरीनने ओढून घेतली. मी म्हणालो, तुझा खांदा, मी टाकतो बार. "मी जखमी केलीय, मीच संपवणार," ती म्हणाली आणि वीस पावलांवर जाऊन तिने ते संपवलं. दणक्याने ती गुडघ्यावर बसली. मी पुढे झालो तर तिने डावा हात वर करून मला थांबवलं. तिला उठवलं ड्वेनने.

"नळी फाटली असती तर, बाबा?" एवढंच तिने विचारलं.

उतरताना ड्वेन माझ्या बाजूने चालत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चूक माझीच रे, आकडा मीच वाचला नाही. पण मी निर्धास्त होतो. म्हटलं, आर्लन, तू बघतोयस, काही चुकलं तर सांगशीलच."

पाच आठवडे कॉरीनने माझा फोन घेतला नाही. लॉरेनशी बोलायची, पण बाबांना फोन दे असं म्हणायची नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तिचा निरोप आला, शनिवारी माळावर ये आणि येताना मापायचं कॅलिपर आण.

ड्वेन तिथे होताच, पंचेचाळीसच्या नव्या गोळ्या आणि चव्वेचाळीसचे सॅबो घेऊन. मी एकेक गोळी मापली, एकेक सॅबो मापला, चव्वेचाळीसचे वेगळे ठेवले, पंचेचाळीसचे वेगळे. कॉरीन माझं प्रत्येक माप पुन्हा स्वतः घेऊन बघत होती. पूर्वी कधी बघत नव्हती. शेवटी तिने पंचेचाळीसच्या गोळ्या निवडल्या, वाटीत घट्ट बसणाऱ्या, आणि शंभर पावलांवर तीन बार टाकले. तिन्ही भोकं एका तळहाताखाली झाकली गेली.

पुठ्ठा काढून आणला तो तिने आधी ड्वेनला दाखवला. मला लॉरेनचा ओवा आठवला. मग ती माझ्याकडे आली. "बघ," म्हणाली आणि पुठ्ठा माझ्या हातात देऊन बंदूक पुसायला गेली.