दादाचा हं

दादा बोलायला महाकंजूष. हो म्हणायचं असलं तरी "हं", पोट भरलं तरी "हं". भाजी लावायच्या आधी दोघे भाऊ वाफ्यांत ताग पेरायचे. तो फुलावर आला की दादा बांधावर उभा राहून एक फूल चिमटीत फिरवायचा आणि म्हणायचा, "हं." मग दोघांनी जड फळीच्या दोन टोकांच्या दोऱ्या धरायच्या, एकेक पाय फळीवर, आणि दर पावलाला परत "हं". उभा ताग मोडून जमिनीवर गादीसारखा पसरायचा. त्यातच भोकं पाडून टोमॅटो लावायचे. तण वर येत नाही, ओल टिकते.

धाकट्याला मात्र दम म्हणून नव्हता. मागच्या खेपेला दादा बाजारात गेलेला बघून त्याने एकट्यानेच ताग झोपवला. फुलं यायच्या आधीच! पंधरा दिवसांत सगळा ताग परत उठून उभा, टोमॅटो त्यात गायब.

"तुझ्या डोक्यात भुसा भरलाय," दादा म्हणाला. एवढं लांब वाक्य तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. "पुढच्या खेपेला मी हं म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. घे शपथ."

धाकट्याने घेतली. तोंड वाकडं करून, पण घेतली.

या खेपेला पहिलं पिवळं फूल दिसलं, त्याच आठवड्यात दादा सकाळी बूट घालायला पायरीवर बसला, तो उठलाच नाही.

वाफे पिवळेधमक झाले. धाकटा रोज बांधावर जायचा, एक फूल चिमटीत फिरवायचा आणि घरी यायचा.

"भावजी, रोपं बघितलीत का?" वहिनी म्हणाली. "ट्रेमधून माना काढून तुम्हाला शोधतायत."

"उद्या."

"कसलं उद्या? एरवी तुम्हाला दूध तापेपर्यंत धीर निघत नाही!"

फुलं गळाली. शेंगा धरल्या. एका दुपारी वहिनी तरातरा वाफ्यात शिरली, खालची एक वाळकी शेंग तोडून आणली आणि त्याच्या कानाशी हलवली. खुळखुळ.

"बी पिकलंय. आता पाडलं तरी टोमॅटोत हेच उगवत बसणार. कळत नाही का तुम्हाला?"

"कळतं."

"मग थांबलात कशाला?"

"त्याने हं म्हटलं नाही ना अजून."

भांडायला आलेली वहिनी तिथेच बांधावर बसली, शेंग मुठीत घट्ट धरून. बऱ्याच वेळाने उठली, फळी ओढत आणली आणि दादाच्या टोकाची दोरी हातात घेतली. लांब पडत होती. तिने फळीच्या टोकाला दोन वेढे दिले.

पहिल्यांदा तिचं पाऊल आधी पडलं. फळी तिरकी झाली. मग त्याचं आधी. ताग जून झालेला. अर्धे दांडे कडाकडा मोडायचे, अर्धे परत उभे.

"असं नाही जमायचं," वहिनी समोर बघतच म्हणाली. "कुणीतरी म्हणायला पाहिजे."

धाकट्याने तोंड उघडलं. वहिनी पाय उचलून थांबली होती.

"हं," तो म्हणाला.

दोन्ही पाय एकदम पडले. शेंगा फुटून बी पायाखाली सांडलं. हं. हं. वाफ्याच्या टोकाशी आले तेव्हा तो हं हुबेहूब दादासारखा निघाला, आणि वहिनीच्या हातातून दोरी सुटली.