चाळीस मेंढरांचं कुरण

सात संस्थानं मिळून एक संघ होणार, अशी दवंडी केरबा कोतवालानं आमच्या वाडीत दिली तेव्हा मी चुलीपुढं होते. भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले.

"म्हंजी काय हुनार रं?"

"समद्या राजांची एकच कचेरी, आत्ती. परवा साहेब येनार हाईत, मेंढरं मोजाया."

सात राजांची एक कचेरी म्हणजे एका मेंढीवर सात पट्ट्या, एवढं कळायला मला शाळा लागत नव्हती. शाळा मी पाहिली दोन वर्षं, नाव लिहिण्यापुरती. पण धनी गेल्यापासून अठरा वर्षं तीनशे मेंढरं मीच राखली.

वाडीखाली ओढा. अलीकडं संस्थान, पलीकडं खालसा, म्हणजे सरकारी मुलूख, तासगाव तालुका. मोजणीचा माणूस आला की चाळीस म्हातारी मेंढरं दारात ठेवायची आणि बाकीची ओढ्यापलीकडं हाकायची, ही माझ्या सासऱ्याच्याही आधीची रीत. कोकरं मात्र मागं ठेवायची. कोकरांना पट्टी नव्हती, आणि कोकरू इकडं असलं की आई दिवस मावळता आपसूक घरी येते.

माझा लेक नानासो कुरकुरला. "आई, औंदा लपवाया नगं. ह्यो साहेब पट्टीला न्हाई, कुरणाच्या वाटणीला येतोय म्हनं. कवठ्याच्या बाजारात बोलत व्हते."

"बाजारात मेंढरं इकत्यात, अक्कल न्हाई. हाक पलीकडं."

कुरण आमचंच होतं. कागद नव्हता. दर दसऱ्याला एक काळं घोंगडं राजाकडं पोचवायचं आणि वर्षभर चारायचं. घोंगडं दिलेल्याला कागद कोण मागणार?

साहेब आला तो पोरसवदा, चष्मेवाला, सावलीला बसून पाणी मागणारा. मेंढरं मोजली. चाळीस. जुनं दप्तर उघडलं. तिथंही चाळीस.

"वा, आजी! सबंध पेट्यात, एवढ्या गावांत, असा मेळ कुठंच बसला नाही."

"आमच्यात खोटं चालत न्हाई, साहेब," मी म्हणाले. वाडी जमली होती, मान ताठ झाली माझी. त्यानं अंगठ्यासाठी शाई पुढं केली. मी म्हटलं, "ती ऱ्हाऊ द्या बाकीच्यांना. मी सही करते." आणि केली.

मग त्यानं नकाशा उलगडला. "कुरण आता संघाचं. ज्याची जेवढी मेंढरं दप्तरात, तेवढा चारा त्याला. तुमच्या चाळिसांना हा खालचा तुकडा. वरचं कुरण गवताच्या ठेक्याला जाईल."

खालचा तुकडा म्हणजे मुरूम आणि काटे. चैतापर्यंत टिकणारं तळं वरच्या कुरणात. 

तेवढ्यात कोकरं ओरडली. ओढ्यापलीकडून आया ओरडल्या.

साहेबानं मान वळवली. "पलीकडं कुणाची?"

 केरबानं तोंड फिरवलं. आता गप्प बसले तर कुरण जातं, बोलले तर मी खोटी ठरते, तीही सगळ्या वाडीदेखत.

"माजी," मी म्हणाले. "दोनशे साठ. दर वर्साला लपवली. माजी लाज जाऊ द्या साहेब, पर तीनशे लिवा."

त्यानं दप्तराची पानं एकेक करून माझ्यापुढं उलटली. "ह्या अठरा सह्या कुणाच्या?"

"माज्याच."

"मग मी काय लिहू? तुमचं ऐकलं तर उद्या सगळी वाडी पलीकडची मेंढरं आणून उभी करील. आणि आज ती खालशात आहेत. इथून पुढं ओढा ओलांडून आली तर बाहेरची म्हणून कोंडवाड्यात जातील."

"जनावराला राज्याची हद्द कळती व्हय?"

"जनावराला नाही कळत, आजी. मला कळावी लागते."

बिरोबा सोडून मी कुणाच्या पाया पडले नव्हते. त्या पोराच्या पडले. त्यानं पाय मागं घेतले. "असं करू नका," म्हणाला. त्याचे डोळेही ओले झाले असतील, मी पाहिलं नाही. पण लिहिलेलं खोडलं नाही. केरबाला कोंडवाड्याची ताकीद देऊन घोड्यावर बसला आणि गेला.

दिवस कलला तशी मेंढरं काठावर आली. सगळ्यांत पुढची मेंढी, माझी चांदी, पाण्यात उतरली. तिचं कोकरू माझ्या पायाशी ओरडत होतं. मीच लावलेली सवय.

"अडवा तिला!" मी ओरडले.

नानासोनं काठी आडवी धरली. चांदी काठीला डोकं घासत राहिली.

मग दुसरं काही उरलं नाही. लुगडं खोचलं, दोन कोकरं काखेत घेतली आणि मी ओढ्यात उतरले. सून रंगुबाई मागं आली. अंधार पडेपर्यंत आम्ही येरझाऱ्या घातल्या. शेवटचं कोकरू पलीकडं टेकवलं तेव्हा मेंढरांचं सगळं खांड एकदम गप्प झालं.

पलीकडं आमचं गवत नव्हतं. परक्यांची शेतं होती.

"कुठं नेऊ आता?" नानासोनं विचारलं.

"खाली नदीकाठाकडं जा. खतासाठी कुणी रानात बसवून घेतंय का बघ."

"आन न्हाई घेतली तर?"

मी पदरानं शेवटच्या कोकराचं अंग पुसलं.

पहाटे तो खांड घेऊन निघून गेला. दारात म्हातारी मेंढरं उभी आहेत. आता ती खरोखर चाळीसच आहेत. कुणीही यावं, मोजावीत.