टाळ्या वाजवू नयेत

टाळ्या वाजवू नयेत आणि आपसांत बोलू नये, असं तीन भाषांत सांगून झालं तरी नेव्राच्या सासूबाईंचं तोंड काही बंद होईना.

"बघ हं सूनबाई, आज हा दरवेशांचा सेमा बघितला की दोरुक पोपटासारखा बोलायला लागतो!"

"आई, हळू बोला ना."

"हळूच बोलतेय. ओरडतेय का मी?"

पुढच्या बाकावरच्या टुरिस्ट बाईने वळून ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनी तिला गोड हसून पिशवीतले भाजके चणे देऊ केले. नेव्राने कपाळाला हात लावला.

एस्किशेहिरहून सकाळच्या गाडीने ते चौघं कोन्याला आले होते. ही सहल म्हणजे घरातल्या तहाची अट होती. हिवाळ्यातल्या त्या मोठ्या तापानंतर दीड वर्षाच्या दोरुकची बडबड थांबली होती. नेव्राने इस्पितळात कानांच्या तपासणीसाठी सोमवारची वेळ घेतली, तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "आमच्या सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही! कशाला नसतं लचांड लावतेस पोराच्या मागे?" शुक्रवारच्या नमाजानंतर वाचा फुटावी म्हणून मशिदीची किल्ली त्याच्या तोंडात फिरवून झाली होती. आता कोन्या, गोल फिरणाऱ्या दरवेशांची ही प्रार्थना. आणि तिचा नवरा ओक्ताय, आईलाही दुखवायचं नाही आणि बायकोलाही, म्हणून बोलून बसला होता, "कोन्यात आवाज ऐकून त्याने मान वळवली, तर तपासणी पुढे ढकलू. बरं?"

नेव्रा 'बरं' म्हणाली होती आणि तेव्हापासून स्वतःवरच चिडलेली होती.

जुन्या सराईतलं ते छोटं दालन. लाकडी जमीन, तिच्यावरच प्रेक्षकांचे बाक. काळे झगे घातलेले दरवेश मेंढ्यांच्या कातड्यांवर गुडघे टेकून बसले होते. नगारा थडथडला, मग बोरूची बासरी एकटीच वाजू लागली. सगळे दरवेशांकडे बघत होते, नेव्रा मुलाच्या मानेकडे. दोरुक तिच्या पायाशी, फळ्यांवर पाठमोरा बसून बुटाची नाडी चघळत होता. बासरीने काळीज पिळवटलं, पण त्याची मान हलेना.

बासरी थांबली. सगळ्या दरवेशांनी दोन्ही तळहात एकदम जमिनीवर आपटले आणि ते उभे राहिले.

दोरुकने गर्रकन मान वळवली.

"वळला! ओक्ताय, बघितलंस? वळला!"

"जमीन हादरली म्हणून वळला, आई! त्याचं बूड फळीवर आहे."

"हो का? कॉलेजात हेच शिकवलं वाटतं, बुडाने ऐकायचं?"

ओक्ताय फिस्सकन हसला. "अगं, पण वळला तर खरा."

दोघांनाही कच्चं खावं असं नेव्राला वाटलं. काळे झगे उतरले, पांढरे घेर फुलले, माणसं भिंगरीसारखी फिरू लागली. तिला त्यातलं काही दिसलं नाही. सासूबाईंनी लढाई जिंकल्याच्या थाटात नातवाला मांडीवर घेतलं. तो दरवेशांकडे पाठ करून त्यांच्या स्वेटरचं बटण उपटू लागला.

शेवटची फेरी संपली, दरवेश थांबले, आणि नको तेच झालं. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता टुरिस्टांनी कडकडाट केला.

"अरे, सर्कस आहे का ही?" सासूबाई कडाडल्या. "बंद करा आधी! लाज नाही वाटत..."

बोलता बोलता त्या थबकल्या. दोरुक बटणात रंगला होता. चहूकडून टाळ्या, डोक्यावर खुद्द आजीचा आवाज. त्याने नजर वरदेखील केली नाही.

टाळ्या ओशाळून विरल्या. सासूबाईंनी आपले दोन्ही हात हळूच त्याच्या डोक्यामागे नेले आणि टाळी वाजवली. मग आणखी एक, जोरात.

"काय हो बाई!" शेजारचे म्हातारे गृहस्थ वैतागले. "आत्ता तर जगाला शिकवत होतात!"

दोरुक बटणच ओढत राहिला. समोर कुराणपठण सुरू झालं. 'मी सांगत नव्हते?' हे वाक्य नेव्राच्या जिभेवर कधीचं तयार होतं. तिने ते गिळलं. आपलं खरं ठरण्याचाच तिला तिटकारा आला होता. ओक्ताय आता हसत नव्हता.

"सोमवारी किती वाजता आहे गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या दिवसात पहिल्यांदाच हळू.

"साडेनऊला."

"मी पण येणार."

"आई, तिथे आत एकालाच..."

"येणार म्हटलं ना! माझ्या मांडीवर तो नीट बसतो. तू नुसती चुळबुळ करतेस."

नेव्राने दात आवळले आणि मान डोलावली.