बाईसाहेबांचा पान्हा

डेअरीकडून दुधाचा नवा दर कळवणारा मेसेज नेमका धारा काढायच्या वेळीच यायचा. थोरलीला वाटायचं, तिकडे ऑफिसात कोणीतरी मुद्दाम घड्याळ बघून पाठवत असणार. या लोकांचे दोन्ही हात सडांना अडकलेले असले की कपाळावर मारून घ्यायला हात मोकळा राहत नाही, एवढाच त्यामागचा विचार असावा.

त्या वर्षी दर चढल्याचा मेसेज एकदाही आला नाही. कधी दूध पावडरीची पोती गोदामात पडून होती, कधी बाहेर मागणी नव्हती, कधी फॅट कमी भरत होतं. कारण बदलायचं, दर मात्र खालीच जायचा. पेंडीचा भाव तेवढा कोणालाही कारण न सांगता वर चालला होता.

घरात माणसं तीनच. थोरली, तिचा नवरा आणि सासूबाई. धाकटा दीर बायकोला घेऊन शहरात राहायला गेला त्यालाही जमाना झाला, पण थोरली ती थोरलीच राहिली. जिच्यापेक्षा थोरली, ती घरात नाही, मग मी कसली थोरली, असं ती कधीकधी म्हणायची. सासूबाई म्हणायच्या, कामाला थोरली.

गोठ्यातल्या गाईंमध्ये एकीचा तोरा वेगळा होता. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. पाणी जरा गढूळ असलं तर तोंड फिरवणार, दुसरीनं तोंड लावलेल्या गव्हाणीकडे ढुंकूनही बघणार नाही. दूध सगळ्यांत जास्त तिचं, पण ते काढावं थोरलीनंच. नवरा बसला की ती पाय झाडायची, यंत्र लावलं की कास आवळून घ्यायची.

थोरलीलाही ते सहज जमलेलं नव्हतं. पहिल्या वेतात बाईसाहेबांनी तिला रडवलं होतं. गरम फडक्यानं कास शेकून झाली, पाठ खाजवून झाली, लाडीगोडी लावून झाली, गुळाचे खडे देऊन झाले. बाईसाहेब गूळ खायच्या आणि पान्हा चोरायच्या. मग एके दिवशी सासूबाईंशी चांगलं वाजलं आणि थोरली तणतणत गोठ्यात आली. गाईच्या कुशीला कपाळ टेकवून ती जे तोंडाला येईल ते पुटपुटत सुटली. सासूला, नवऱ्याला, डेअरीला, आपल्या नशिबाला, कोणालाही सोडलं नाही. आणि हातात एकदम धार आली. गाय कान पाडून निवांत उभी होती. सुनेची कुरकुर ऐकून पान्हवणारी गाय सबंध जगात ही एकच असावी.

तेव्हापासून दोन्ही वेळा तेच. थोरली कुरकुर करायची, बाईसाहेब दूध सोडायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय गोड बोलते ही जनावराशी! नवराही शेजाऱ्यांना कौतुकानं तसंच सांगायचा. ती खरं काय बोलते, ते त्याला ठाऊक नव्हतं, सासूबाईंनाही नव्हतं. थोरलीनं ते कोणाला कळू दिलं नाही, कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

एका सकाळी कॅन घासता घासता नवरा म्हणाला, "एक विकावी लागेल."

"कुठली?"

तो कॅनच्या तळाशी हात घालून घासत राहिला आणि थोरली समजायचं ते समजली. जो तो गाई विकायला निघाला होता, त्यामुळे साध्या गाईला कोणी विचारत नव्हतं. चांगलं मोल येणारी एकच. ती गेली तर बाकीच्यांचा नव्या चाऱ्यापर्यंतचा प्रश्न सुटत होता. थोरलीनं झाकण पुसलं, कॅनवर बसवलं आणि ती आत गेली.

गिऱ्हाईक मिळालं ते एक निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्याचा ट्रक चालवला आणि आता हौसेनं गोठा घातला होता. सगळं जग गोठ्यातून बाहेर पडत असताना हा गृहस्थ हसत हसत आत शिरत होता. माणूस मात्र सरळ. त्यानं पैसे आधीच मोजले आणि एकच अट घातली. "आठवडाभर बघतो. आमच्याकडे दूध दिलं तर माझी, नाही दिलं तर परत तुमची." नवऱ्यानं मान हलवली. बाईसाहेब गाडीत चढल्या त्या मागं न बघता. थोरलीला तेही लागलं.

आलेले पैसे त्याच दिवशी चाऱ्यात गेले. पडवीत छतापर्यंत गंजी लागली आणि उरलेल्या गाई पोटभर खाऊ लागल्या.

आणि मग ड्रायव्हरचा फोन आला.

नवऱ्यानं तो ओसरीवर बसून घेतला आणि फोनवरचं जरा कमी ऐकू येत असल्यामुळे स्पीकर लावला. सासूबाई खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या, थोरली दाराशी.

"नाही हो जमत," ड्रायव्हर म्हणाला. आवाजावरून माणूस झोपलेला दिसत नव्हता. "यंत्र लावून बघितलं, हातानं बघितलं, माझ्या बायकोनं बघितलं. थेंब थेंब देते आणि थांबते. कास दगडासारखी झालीय. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर सड जातील. इंजेक्शन देऊन काढायचं माझ्या जिवाला पटत नाही. उद्या सकाळी गाडी लावतो आणि घेऊन येतो. तुम्ही तेवढं पैशांचं बघा."

फोन बंद झाला. थोरलीला आनंद झाला. अगदी पोटातून झाला, आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली.

"गाईंच्या पोटातला चारा आता परत कसा काढायचा?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं पडवीतल्या गंजीकडे बघितलं. मग म्हणाला, "ते गठ्ठ्यानं गाई नेणारे आहेत ना, त्यांना बोलावू. सगळ्याच देऊन टाकू. त्यातून ड्रायव्हरचे पैसे फिटतील. बंदच करू एकदाचं." आवाजात राग नव्हता. दिवसभर ओझं वाहिलेला माणूस ते खाली ठेवायला जागा सापडल्यावर बोलतो, तसा तो बोलला.

थोरली उभीच राहिली. तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की उद्या बाईसाहेब दारात उभ्या राहणार होत्या. पण त्यांच्यामागून बाकीच्या सगळ्या जाणार होत्या, गोठ्यातली पहिल्यांदाच व्यालेली कालवडसुद्धा, जी अजून कोणाच्या हाताला सरावली नव्हती. आणि आत्ता या घटकेला तिकडे ती गाय ठणकती कास घेऊन उभी होती. काय केलं म्हणजे ती मोकळी होईल, हे जगात एकट्या थोरलीला माहीत होतं.

"फोन लावा परत," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, बादली घेऊन बसा आणि फोन तिच्या कानाशी धरा."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. लावला.

तिकडे थोडी धावपळ ऐकू आली. ड्रायव्हरची बायको बसली, ड्रायव्हरनं फोन धरला. थोरली घसा साफ करून म्हणाली, "बाईसाहेब, अहो बाईसाहेब, शहाणी ना माझी ती?"

"कान टवकारले!" ड्रायव्हर ओरडला.

"दूध?"

"नाही," त्याच्या बायकोचा थकलेला आवाज आला. "काहीच नाही."

लाडीगोडीला ती आजपर्यंत कधी भुलली नव्हती, ती आज कशी भुलणार? थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. "तुम्ही दोघं जरा बाहेर जाता का?"

"मी कुठं जाऊ?" सासूबाई म्हणाल्या. "मला उठायला अर्धा दिवस लागतो. बोल की. गाईशीच बोलायचंय ना?"

तिकडे ड्रायव्हर ताटकळला होता. थोरलीनं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला, त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीला कपाळ टेकवलं. भिंत गार होती. तिनं डोळे मिटले.

"सकाळपासून म्हातारीचं तोंड सुरू आहे," ती पुटपुटली. "चहा गार आहे, चहा गोड आहे, चहा एवढासाच आहे. माझे गुडघे दुखतात का, हे कधी विचारलं नाही. त्यांच्या गुडघ्यांची वार्ता मात्र मी रोज ऐकायची."

मागं खाट करकरली. थोरली थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करायचं बळ तिच्यात नव्हतं.

"पाय सैल सोडला," ड्रायव्हर कुजबुजला.

"आणि हे. दर उतरला की मेसेज वाचायचा, मोबाईल खिशात टाकायचा आणि शेण ओढायला निघून जायचं. मला काय कळत नाही? मला आकडा नको असतो गं, मला एक वाक्य हवं असतं. या घरात बोलायचं म्हटलं की यांच्या तोंडाला कुलूप. शेजाऱ्यांशी बोलतात, डेअरीच्या पोराशी बोलतात. मी दमले. बोटं मिटत नाहीत आता, सकाळी वेणी घालताना हात वर जात नाहीत. तूच एक होतीस ऐकायला. तुला विकायचं ठरवताना मला विचारलं नाही कोणी. आणि विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, तेही खरंय. पण विचारायला नको होतं का?"

फोनमधून आवाज आला. रिकाम्या बादलीच्या बुडाशी धार आपटल्याचा तो खणखणीत आवाज थोरलीनं आयुष्यभर ऐकला होता, पण दुसऱ्या कोणाच्या हातचा पहिल्यांदाच ऐकत होती.

"सोड," ती म्हणाली. आता ती रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "सगळं सोड. आत ठेवू नकोस काही. आणि इथं येऊ नकोस बाई, इथं तुझं काही राहिलं नाही. तिथं रहा आता."

धारेचा आवाज हळूहळू जड झाला, फेसात बुडाला. तिकडे ड्रायव्हर लहान पोरासारखा हसत होता आणि त्याची बायको त्याला गप्प बसा, गप्प बसा म्हणत होती. थोरलीनं फोन बंद केला आणि पदरानं तोंड पुसलं.

मागं खाट पुन्हा करकरली. सासूबाई म्हणाल्या, "चहा गार होता हे मात्र खरं होतं हं."

नवरा चपला घालून पडवीकडे गेला.

त्या दिवसानंतर दोन्ही वेळा फोन येऊ लागला. थोरली गोठ्यामागं जाऊन बोलायची. सासूबाई चिडवायच्या, "जा, तुझ्या बाईसाहेब खोळंबल्यात. आज माझं काय सांगणारेस?" पण त्यांनी चहाला नाव ठेवणं जरा कमी केलं होतं. नवरा मात्र त्या वेळी घराबाहेर असायचा. काम नसलं तरी काढायचा. त्याच्या मनात काय आहे, हे थोरलीला कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता.

मग एका संध्याकाळी डेअरीचा मेसेज आला. धारा काढतानाच. दर आणखी उतरला होता.

दुसऱ्या सकाळी फोन आला नाही. थोरली वाट बघून थकली, दुपारपर्यंत जीव टांगणीला लागला, तेव्हा तिनंच लावला. ड्रायव्हरच्या बायकोनं घेतला.

"अहो, मीच करणार होते तुम्हाला," ती म्हणाली. "आज गरजच लागली नाही. कालचा दर बघितलात ना? आम्ही आत्ता तर सुरू केलंय सगळं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बादली घेऊन बसले आणि तोंडातून आपोआप सुटलंच हो. यांच्यावर, यांच्या हौसेवर, त्या डेअरीवर. बोलता बोलता बघते तर बादली भरलेली!"

"बरं झालं," थोरली म्हणाली.

ते तिनं मनापासून म्हटलं होतं. तरी फोन ठेवल्यावर तिला भरून आलं. गाय गाडीत चढून कधीच गेली होती, पण खरी गेली ती आज. आणि गेली ती दुसऱ्या बाईच्या तेवढ्याच थकलेल्या आवाजाला वश होऊन, याचा तिला मत्सर वाटला.

संध्याकाळी दोघं धारा काढायला बसली. थोरलीपुढं होती ती म्हातारी कबरी, जिला कोणी बोललं काय, न बोललं काय, याचं सोयरसुतक नव्हतं. पलीकडे नवरा दुसरीखाली बसला होता.

"आज फोन नव्हता?" नवऱ्यानं विचारलं.

"आता नसणार. तिकडची बाई बोलायला लागली."

बादली सरकल्याचा आवाज आला. मग पलीकडून तो म्हणाला, "मी पण दमलोय."

थोरलीचे हात थांबले. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी रागच आला.

"हे मला कधी सांगितलंत?"

"तू तरी मला कुठं सांगितलंस?" तो म्हणाला. "गाईला सांगत होतीस."

तिनं कबरीचे सड पुन्हा हातात धरले. दोघांच्या मध्ये दोन गाई उभ्या होत्या, त्यामुळे त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं आणि तिचं त्याला. बहुधा तेवढ्यामुळेच तो पुढं बोलत राहिला.