एकशे दहा सेकंदांची चोरी

आज सकाळी माझ्या बुडाशी, टेबलाच्या पांढऱ्या सनमायक्यावर, पापणीचे चार केस पडले होते. प्रत्येक जेमतेम आठ मिलिमीटरचा. काल तीन होते. ते आपोआप गळलेले नव्हते, उपटलेले होते. एकेका केसाच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका होता.

मित्रांनो, मी एक जुना, पिळून लावायचा टायमर आहे. पोलादी, मुठीत मावणारा. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

हडपसरच्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काम केलं. काचपट्टीवर जांभळा रंग किती वेळ ठेवायचा, हे मी सांगायचो. तिथे ऋचा माझी मालकीण होती. ती दर सहा महिन्यांनी मला प्रमाण घड्याळाशी ताडून पाहायची आणि माझ्या पाठीवर तारखेची चिठ्ठी चिकटवायची. नव्या मुलींना ती सांगायची, "आकडा चुकीचा आला तर आधी उपकरण तपासा." किती छान वाटायचं ऐकायला!

मग प्रयोगशाळेत डिजिटल टायमर आले. ऋचाने नोकरी सोडली आणि मला वारज्याच्या घरी आणलं. सुरुवातीची वर्षं मी ढोकळा आणि अंडी सांभाळली. कौतुकही झालं. पण माझ्या पाठीवरची शेवटची चिठ्ठी आजही २०१७ची आहे.

गेल्या जूनमध्ये मला अपेक्षाच्या टेबलावर ठेवलं. अपेक्षा ऋचाची मुलगी, दहा वर्षांची. तिला शिष्यवृत्तीच्या क्लासला घातलं होतं. रोज संध्याकाळी अर्ध्या तासाचा सराव. मी वाजलो की पेन्सिल खाली. रोज तिची सहा-सात गणितं राहायची.

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"आई, वेळच..."

"कारणं सांगू नकोस."

मित्रांनो, माझी स्प्रिंग म्हातारी झाली आहे. माझी दहा मिनिटं आठ मिनिटं दहा सेकंदांत संपतात. हे मला माहीत होतं. पण मला तोंड नाही, फक्त घंटी आहे. रोज तीच खोटी घंटी मी त्या पोरीच्या कानाशी वाजवत राहिलो. गणपतीच्या सुमारास तिचं बोट पहिल्यांदा पापणीकडे गेलं.

ऋचाला दिसत नव्हतं असं नाही. ती केस ओल्या फडक्याने टिपायची आणि नवऱ्याला फोनवर म्हणायची, "क्लास बंद करावा म्हणते. बघू, दिवाळीनंतर." दिवाळी झाली. "बघू, चाचणी झाली की." चाचणीही झाली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू ओळखणारी बाई होती ती!

आज रविवार. सकाळी ऋचाने मला अंडी उकडण्यासाठी स्वयंपाकघरात नेलं. पोळ्या करायला येणाऱ्या सुंदराबाईंनी एक अंडं सोललं आणि पुढे धरलं.

"ताई, ही डबी खोटं बोलती. दहा मिनिटं झाली म्हणती, अन् आत रस्सा."

"घड्याळ खोटं बोलत नाही, सुंदराबाई."

"मग काय अंडं खोटं बोलतंय?"

ऋचाने मला पुन्हा दहा मिनिटांवर पिळलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो शेजारी ठेवला. मी वाजलो तेव्हा मोबाइलवर आठ मिनिटं दहा सेकंद झाले होते. तिने दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदाही. आकडा तोच आला.

अपेक्षा दारात उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं. दिवाळीच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, कारणं सांगू नकोस."

ओट्यावर मी होतो आणि शेजारी अर्धं कच्चं अंडं होतं.

"चल, आजच नवा आणू," ऋचा घाईने म्हणाली. "अगदी अचूक."

तेव्हा माझ्यात ताकद असती तर मी स्वतःला ओट्यावरून खाली लोटलं असतं. अहो, अचूक टायमरने काय होणार? मी सेकंदाचाही फरक पडू दिला नसता, तरी त्या टेबलावर माझं काय काम होतं?

मित्रांनो, तुमच्या घरातलं मोठ्यांचं घड्याळ पुढे धावत असेल तर बोला. "कारणं सांगू नकोस" असं कुणी म्हटलं तरी बोला. आणि मोठ्यांनो, पोर चुकलं असं वाटलं तर आधी आपली पाठ चाचपा, तपासणीची शेवटची तारीख कधीची आहे ते पाहा.

"नवा" हा शब्द ऐकताच अपेक्षाचं बोट पापणीकडे गेलं. आता तिथे उपटायला फारसं काही उरलेलंच नाही.

सुंदराबाईंनी तवा खाली उतरवला. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "बघा की जरा तिच्याकडं."

ऋचाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं, काचपट्टीकडे पाहायची तसं. मग तिने अपेक्षाचा हात डोळ्यावरून काढून आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"सर, अपेक्षाची आई बोलतेय. हो, परीक्षा जवळ आलीय, माहीत आहे मला. अपेक्षा उद्यापासून क्लासला येणार नाही."