चावी मागणारा घाट

आता गुडघे साथ देत नाहीत, पण त्या बेटावरच्या घाटाची एकूण एक वळणं मला अजून पाठ आहेत. ह्यांना तिथल्या बंदरावर नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड समुद्रापार गेलं, तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. गाठीला नर्सिंगचा डिप्लोमा आणि तिथल्या भाषेतले जेमतेम चाळीस शब्द. तेवढ्यावर दवाखान्यात काम मिळालं. आठवड्यातून दोनदा जीप घेऊन डोंगरावरच्या वस्तीत जायचं, गरोदर बायका तपासायच्या, पोरांना लस टोचायची.

घाटाचा रस्ता एका गाडीपुरता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, आणि त्या काहीच नसलेल्याच्या तळाशी समुद्र. कठडा होता, पण तुकड्यातुकड्यांनी. मधले तुकडे कुठे गेले, हे तिथे कुणी विचारत नसे.

प्रमुख नर्सना सगळे मोठ्या बाई म्हणत. तिथली रीत त्यांनीच मला समजावली.

"चढणाऱ्याचा मान पहिला. उतरणाऱ्याने मागे जायचं, रस्ता रुंद मिळेल तिथपर्यंत. मागे जाणं जमलं नाही, तर समोरच्याच्या हातात चावी द्यायची. तो तुझी गाडी मागे नेऊन देतो. बाहेरून आलेले सगळे देतात."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं? एकदा चावी दिलीस की संध्याकाळपर्यंत बेटभर होतं. पुढे तुला कुणी वाट देत नाही. मग मला ड्रायव्हर ठेवावा लागेल. तो आणि कंपाउंडर जातील वर, लस काय कंपाउंडरही टोचतो. तू इथे बसून बँडेज गुंडाळ."

कंपाउंडर कोपऱ्यात उभा होता. त्याने बॅग भरूनच ठेवली होती.

घरी हे म्हणाले, "अगं, तुला रिव्हर्स येतो कुठे? आपल्या फाटकाच्या खांबाला विचार."

"खांब चुकीच्या जागी होता."

"घाटात समुद्र चुकीच्या जागी आहे."

सोमवारी पहिली फेरी. चढताना काय, मी राणी! समोरचे भराभरा मागे सरकत होते. वस्तीत एकोणीस पोरांना टोचलं. एका पहिलटकरणीच्या पायांवर सूज होती, नाडीही मला आवडली नाही. "गुरुवारी येते परत," मी तिला सांगितलं. तिने माझा पदर धरून दोनदा वदवून घेतलं.

उतरताना तिसऱ्या वळणावर पाण्याचा टँकर समोर उभा. ड्रायव्हर खाली उतरला, मानेवरचा टॉवेल झटकला आणि तळहात पसरला.

"द्या बाई, चावी."

"नाही देणार."

"अहो, खाली समुद्र आहे."

"दिसतोय."

"सगळेच देतात. त्यात लाज कसली?"

"लाज नाही वाटत. चावी नाही द्यायची."

तो हसला आणि कठड्याच्या एका तुकड्यावर मांडी ठोकून बसला. टँकरमागे आणखी दोन गाड्या लागल्या, माणसं उतरली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डाव्या हाताला, म्हणजे मी बसले होते ती बाजू नेमकी समुद्राची. मी मनाशी हिशेब केला: कातळ खरचटवतो, समुद्र गिळतो. तर मग कातळाचीच संगत धरावी. रिव्हर्स टाकला आणि जीप मुद्दाम कातळाला टेकवली. आंधळा भिंत चाचपत जातो तशी ती मागे सरकू लागली. आरसा पहिल्याच हातभरात गेला. मग दाराची मूठ. पत्र्याचा आवाज असा, की बघे कानांवर हात ठेवून उभे. मी डोकं खिडकीबाहेर काढून कडेच्या चाकावर नजर ठेवली होती. देवाचं नाव घेतलं नाही. तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

टँकरवाला समोरून चालत येत ओरडत होता, "इकडे वळवा! इकडे!"

"गप्प बसा हो!" मी चक्क मराठीत ओरडले. तो गप्प बसला.

दोन वळणं मागे गेल्यावर रुंद जागा आली. टँकर शेजारून गेला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग क्लच दाबला आणि उतरायला लागले.

दवाखान्याच्या पायरीवर मोठ्या बाई उभ्या होत्या. मागून कंपाउंडर डोकावला आणि जीप बघून म्हणाला, "अरे देवा! ही आणलीत की ओढत आणलीत?"

मोठ्या बाईंनी दारावरच्या ओरखड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "चावी दिलीस?"

"नाही."

"हे सगळं तूच केलंस?"

"मीच."

त्या कंपाउंडरला म्हणाल्या, "बॅग रिकामी कर तुझी." आणि माझ्याकडे वळून, "गुरुवारी जा. पण टँकर दोनच्या सुमाराला चढतो. तो वर पोचला की मगच उतर, म्हणजे गाठ पडणार नाही."

"पडू दे," मी म्हणाले.